दुसरी पंगत

“तिला पानं का द्यायची, अप्पा? एक कारण सांगा. एकच सांगा, आत्ता देतो.”

राचोटी हलकुडे मठाच्या ओसरीवर उभा राहून विचारत होता. आवाज असा, की कारण कुणाकडेच नाही हे आधीच ठरलेलं.

अप्पा या मठाचे स्वामी. पत्रावळींसाठी घंगाळात भिजत घातलेली पळसाची पानं त्यांनी उलटीपालटी केली.

खाली पायरीवर नरसव्वा बसली होती. तिच्यासाठी अप्पांनी शब्द टाकला होता, त्यावरचं हे उत्तर.

मी पलीकडे भोपळा चिरत होतो. सगळं ऐकू येत होतं.

गिरणी बंद पडली तेव्हापासून मी या मठाच्या स्वयंपाकघरात आहे. आमच्या वस्तीतले बाप्ये असेच कुठेकुठे चिकटले, नाहीतर नुसते बसले, आणि घरं बायकांच्या सुपावर आली. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. दिवसभर विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या, दुसऱ्या दिवसाची पानं घेऊन परत यायचं. पानं मिळाली तर काम. पानं बंद झाली की चूल बंद.

पानं देणारा राचोटी, कारखान्याचा मालक.

आता नरसव्वानं केलं काय, ते सांगतो. कारखान्यात विड्या तपासायला एक चेकर असतो. तो जुडी उचलतो, इकडून तिकडून बघतो आणि त्यातल्या मूठभर विड्या शेजारच्या टोपलीत टाकतो. त्याला छाट म्हणतात. छाट म्हणजे खराब माल. खराब मालाची मजुरी नाही. इथपर्यंत मीसुद्धा समजून घेईन.

पण छाट झालेली विडी बाईला परत मिळत नाही. मोडूनही टाकत नाहीत. संध्याकाळी ती टोपली आतल्या खोलीत जाते, आणि तीच विडी त्याच कागदात, त्याच लेबलाखाली बांधली जाऊन त्याच भावानं विकली जाते. खराब असते ती फक्त मजुरी देण्यापुरती!

हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या बायकोनं जन्मभर विड्या वळल्या. तिच्या हातच्या किती मुठी त्या टोपलीत गेल्या असतील. पण ती कधी बोलली नाही. कुणीच बोलत नव्हतं.

नरसव्वा बोलली.

“खराब हाय तर माझी मला परत द्या की ओ. न्हाईतर माझ्यासमोर मोडा. ठेवून घेता कशाला?”

भर कारखान्यात, सगळ्या बायकांसमोर विचारलं तिनं. राचोटी तिथेच गादीवर बसला होता. तो रागावला नाही, ओरडला नाही. चेकरकडे वळून शांतपणे म्हणाला, “इरण्णा, उद्यापासून हिला पानं देऊ नकोस. ही प्रश्न विचारते.”

झालं.

नरसव्वाचा नवरा गिरणीत आमच्याच खात्यातला. आता भिंतीला टेकून खोकत असतो. मुलगी शाळा सोडून आईशेजारी वळायला बसली होती. आता दोघींची सुपं खुंटीला टांगलेली. दुसऱ्या कारखान्यात गेली तर तिथेही नाही म्हणाले. मालक लोकांचं आपसात बरोबर जमतं.

म्हणून ती अप्पांकडे आली.

“अप्पा, मी काय कुणाच्या पोटावर पाय देणारा माणूस आहे का?” राचोटी आता ओसरीवर बसला. “अख्खी वस्ती माझ्या कामावर जेवते. गिरणी गेली तेव्हा कोण आलं पुढे? मी घरोघर काम दिलं. शाळेत गणवेश वाटले. तुमच्या या स्वयंपाकघरावर पत्रे कुणी घातले?”

“तू घातलेस,” अप्पा म्हणाले. “पाटीही लावलीस.”

“मग? एवढं करून ही माणसं आहेत तिथेच. का? विचार करतो मी त्याचा, झोप लागत नाही मला. तुम्हीच सांगा, काम आहे, मजुरी आहे, तरी गरिबी का जात नाही?”

अप्पा पानं खालीवर करत राहिले.

“मी सांगतो. हातात असते गरिबी. बेफिकीर हात. वळलं काय, न वळलं काय. माझी आई पत्रावळी टाचून विकायची, अप्पा. बाजारात बसून. तिच्या हातची एक पत्रावळ कधी कुणी परत केली नाही. म्हणून आम्ही वर आलो.”

 ते खरं होतं. त्याच्या आईला, गंगव्वाला, मी पाहिलेलं आहे. आज तिचाच स्मरणदिन होता. मठातलं दुपारचं जेवण, म्हणजे आमचा दासोह, आज तिच्या नावानं होतं. त्यासाठी राचोटीनं गहू, गूळ, तूप, सगळं टेम्पोनं आणलं होतं. पोती उतरवायला इरण्णा चेकर बरोबर आला होता.

नरसव्वा पायरीवरून म्हणाली, “माझा हात बी वाईट न्हाई, अप्पा.”

“तू गप्प बस,” राचोटी म्हणाला.

अप्पांनी घंगाळातलं एक पान उचललं. झटकलं. पाणी राचोटीच्या धोतरावर उडालं.

“तुला येतात का रे टाचायला?”

“काय, पत्रावळी?” राचोटी हसला. “झोपेत टाचीन. आईनं शिकवलंय.”

“मग बस. आज पंगतीला तुझ्या हातच्या पत्रावळी.”

“आनंदानं.”

“तुझ्या कारखान्याच्या रीतीनं. तपासणार मी. पसंत पडतील त्यांच्यावर जी पंगत बसेल, ती गंगव्वाच्या नावानं पुकारायची.”

“आणि छाट?”

“छाट मठाची.”

राचोटीनं एवढासुद्धा विचार केला नाही. बाह्या वर सारल्या आणि पानांपुढे मांडी घालून बसला.

खोटं कशाला सांगू, हात सुरेख होता त्याचा. पान पानावर नेमकं चढायचं, बांबूची बारीक चोय बोटभर आत शिरून नेमकी बाहेर यायची. कितीतरी वर्षांनी करत होता, पण बोटं विसरली नव्हती. मधेच तो गुणगुणायला लागला. त्या वेळी तो मला शेठ वाटला नाही. गंगव्वाचा पोरगा वाटला.

पहिली पत्रावळ त्यानं अप्पांच्या हातात दिली.

अप्पांनी ती उजेडाकडे धरली. फिरवली. पाठीमागे टाकली.

“छाट.”

“छाट? का?”

“देठ दिसतो.”

राचोटीनं दुसरी दिली.

“छाट. टाका सैल आहे.”

तिसरी अप्पांनी पुढे ठेवली. चौथीही ठेवली. पुढची मागे गेली. तिच्या पुढचीही मागे गेली.

“यात काय वाईट आहे, अप्पा?”

“तपासतो कोण?”

“तुम्ही.”

“मग झालं.”

राचोटीचे कान लाल झाले. तो टाचत राहिला. आता गुणगुणणं बंद झालं होतं. अप्पांच्या पुढचा गठ्ठा हळूहळू वाढत होता, मागचा भराभर.

नरसव्वानं तोंडाला पदर लावला. मला वाटलं हसतेय. हसत नव्हती.

बऱ्याच वेळानं राचोटीनं चोय खाली ठेवली आणि कळल्यासारखी मान हलवली.

“आलं लक्षात. तुम्ही माझा अहंकार तपासताय.”

“नाही बाबा,” अप्पा म्हणाले. “पत्रावळी तपासतोय.”

आणि हातातली मागे टाकली.

दुपारी माणसं यायला लागली. नेहमीपेक्षा जास्त, कारण गव्हाच्या खिरीचा वास वस्तीभर गेला होता. बायका, म्हातारे, गिरणीतले आमचे जुने जोडीदार. कोण कशासाठी आलं हे मठात विचारत नाहीत. तरी आमच्याकडची माणसं आत येताना जरा थांबतात, कुणीतरी विचारील म्हणून. फुकटच्या जेवणाला सुद्धा भीत भीत येणारी माणसं, आणि त्यांना हा बेफिकीर म्हणतो!

पंगत कुणाच्या नावाची ते पुकारायचं काम माझं. पसंत पत्रावळी मांडल्या. छोटीशी पंगत झाली, ओसरीच्या एका कडेला मावली. वाढून झाल्यावर मी पुकारलं.

“ही पंगत गंगव्वा हलकुडे यांच्या नावानं!”

राचोटीनं हात जोडले. डोळे मिटले. पापण्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

जेवणं उरकली, ओसरी झाडली. आता उरलेली सगळी वस्ती आत आली आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत बसली. मी अप्पांकडे पाहिलं. पत्रावळी कुठल्या घालायच्या?

अप्पा सरकून बसले. पाठीमागचा गठ्ठा दोन्ही हातांनी पुढे ओढला.

“या घाल.”

मी घातल्या. भात वाढला, आमटी वाढली, भोपळ्याची भाजी वाढली. इरण्णा बादली घेऊन खीर वाढत गेला. पातळ, ऊन ऊन खीर. मी मुद्दाम बघत होतो. एका पत्रावळीतून थेंब खाली आला नाही.

नरसव्वा त्याच पंगतीत बसली होती. शेजारी तिची मुलगी. पोरगी खाली मान घालून भराभर जेवत होती, आणि ते बघून मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

अप्पांनी मला खुणेनं बोलावलं, कानात सांगितलं. मी छाती भरून पुकारलं.

“ही पंगत मठाच्या नावानं!”

“थांबा!”

राचोटी उठला होता.

“काय पुकारलंस? मठाच्या नावानं? या पत्रावळी माझ्या आहेत.”

“छाट आहेत,” अप्पा म्हणाले.

“छाट? छाट पत्रावळीवर खीर राहते का? दाखवा, गळतेय का कुठे? दाखवा ना!” तो पंगतीतून चालत सुटला, एकेका पत्रावळीकडे बोट करत. माणसं हात मागे घेऊ लागली. “ही बघा. ही बघा. चांगल्या आहेत म्हणून तर वाढलंत! सकाळपासून कंबर मोडून टाचल्यात मी. माझ्या आईच्या नावाच्या आहेत!”

“पसंत नव्हत्या.”

“पसंत नव्हत्या तर परत द्यायच्या होत्या मला!” तो अप्पांकडे वळला. “नाहीतर माझ्यासमोर फाडायच्या होत्या! ठेवून घेतल्यात कशाला?”

...

अंगणात कुणाचा हात तोंडाकडे गेला नाही. 

पंगतीतली बाई न् बाई राचोटीकडे बघत होती. हे शब्द त्यांनी पूर्वी ऐकले होते. फक्त दुसऱ्या तोंडून.

नरसव्वानं वर पाहिलं नाही. ती आपल्या पत्रावळीकडे बघत होती.

राचोटीचं तोंड तसंच उघडं राहिलं होतं. त्यानं एकदा अप्पांकडे पाहिलं... एकदा माझ्याकडे... मग त्या दिवसात पहिल्यांदाच नरसव्वाकडे.

“अप्पा...” तो म्हणाला. 

अप्पांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते खिरीची बादली घेऊन उभ्या असलेल्या चेकरकडे वळले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत.

“इरण्णा, उद्यापासून याला पानं देऊ नकोस. हा प्रश्न विचारतो.”