भुंग्याचा होकार

समुद्रावरून येणारा वारा एका गावात शिरला की त्याला सोनचाफ्याचा वास लागायचा, आणि मग तो पुढे जायचं विसरून तिथेच रेंगाळायचा. त्या गावात रेवू नावाची मुलगी राहायची. तिला बाबा नव्हते. आई गावातल्या जिजींच्या चाफ्याच्या बागेत फुलं तोडायची आणि बागेच्या कडेला झावळ्यांच्या एका लहानशा खोपटात मायलेकी राहायच्या. जेवायला दोघींत मिळून एकच ताट होतं. कधी भाजी असायची, कधी नुसती चटणी. तरीही रेवू रोज आपली अर्धी भाकरी बाजूला काढून ठेवायची.

ती अर्धी भाकरी भुंग्याची होती. भुंग्या म्हणजे महिन्यापूर्वी कुठूनसा बागेत आलेला कुत्रा. काळाभोर, मखमली कानांचा, छातीवर इवलासा पांढरा ठिपका असलेला. त्याला कुणीतरी कधीतरी फार मारलं असावं. कुणी हात उचलला किंवा काठी हातात घेतली की तो गुरगुरायचा. रेवूचा त्याच्यावर भारी जीव. ती धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडायची, त्याच्या डोळ्यांत टक लावून बघायची, त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. भुंग्या मात्र लाकडासारखा ताठ व्हायचा आणि संधी मिळताच झाडांमागे पळून जायचा. रेवू रडकुंडीला यायची.

एका सकाळी तो जिजींच्या काठीवर धावून गेला. जिजींचा गुडघा दुखायचा, म्हणून त्या काठी टेकत चालत. त्या रागावल्या नाहीत, पण घाबरल्या. त्यांनी रेवूच्या आईला सांगितलं की बागेत चार बायका काम करतात, उद्या हा कुणाला चावला तर काय करायचं. सात दिवसांत तो सुधारला नाही तर त्याला होडीत घालून खाडीपलीकडे सोडून यायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रेवू एकटीच बागेच्या टोकाच्या झाडाखाली बसून मुसमुसत होती. आभाळ अजून निळसर होतं. तेवढ्यात तिच्या डोक्यावरची एक कळी हळूच उमलली आणि आतून मधासारखा पिवळा उजेड सांडला. त्या उजेडात उभी होती एक चिमुकली परी. अंगठ्याएवढी. तिचा झगा चाफ्याच्या पाकळ्यांचा होता आणि पंखांवर दवाचे थेंब लुकलुकत होते.

परी म्हणाली की अर्धी भाकरी मनापासून देणाऱ्याला एक इच्छा मागता येते.

रेवूने डोळे पुसले आणि लगेच मागितलं, "भुंग्याने माझं सगळं ऐकावं."

"देईन की," परी म्हणाली. "पण माझे नियम आहेत. फूल उमलल्यापासून त्याच्यावर ऊन पडेपर्यंतच मी दिसते. आणि इच्छा दुसऱ्याविषयी असेल तर त्याचा होकार लागतो. भीतीपोटी दिलेला होकार चालत नाही. तू भुंग्याला विचारलंस का?"

रेवू गोंधळली. तिने पलीकडे बसलेल्या भुंग्याला हाक मारली आणि ती त्याच्याकडे धावली. भुंग्याने नाक चाटलं, मोठी जांभई दिली आणि मान फिरवली.

"तो नाही म्हणाला," परी हळूच म्हणाली.

"तो तर काहीच बोलला नाही. नुसती झोप आलीय त्याला."

"आत्ताच उठलाय तो. झोप कुठली येणार? ती जांभई म्हणजे 'मला भीती वाटतेय, जरा थांब' असं आहे. त्याचं बोलणं तोंडात नसतं, सोनुले. ते त्याच्या कानांत असतं, पाठीत असतं, शेपटीत असतं."

ऊन आलं आणि परी दिसेनाशी झाली. पण रेवूच्या डोक्यात तिचे शब्द दिवसभर घुमत राहिले. त्या दिवशी ती भुंग्याजवळ गेलीच नाही. लांब बसून नुसती बघत राहिली. आई आकडीने, म्हणजे फांदी वाकवायच्या लांब काठीने फुलं काढायला लागली की भुंग्याचे कान मागे चिकटायचे आणि शेपटी पोटाखाली जायची. आईने आकडी खाली ठेवली की ते कान पुन्हा सैल पडायचे. हे सगळं रोज डोळ्यांसमोर होत होतं, आणि तिला कधीच दिसलं नव्हतं.

परीने तिला रोज पहाटे नव्या कळीतून येऊन थोडं थोडं शिकवलं. समोरून जायचं नाही, कडेने जायचं. वरून वाकायचं नाही, बसायचं. हात डोक्यावर न्यायचा नाही, खाली ठेवायचा आणि वाट बघायची. रेवू तशी बसली. पहिल्या दिवशी भुंग्या आलाच नाही. तिसऱ्या दिवशी तो चार पावलं आला आणि परत गेला, आणि त्या चार पावलांसाठी रेवूने त्याला भाकरीचा तुकडा टाकला. मग ती "ये" म्हणायची आणि तो आला की त्याच क्षणी एक तुकडा द्यायची. नाही आला तर ती रागवायची नाही. त्याला कंटाळा यायच्या आत खेळ थांबवायची. पाचव्या दिवशी भुंग्याने पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली आणि शेपटीचं टोक हवेत नाचवलं. तो खेळायला बोलावत होता. रेवूला इतकं हसू आलं की फुलांची करंडीच कलंडली.

सातव्या दिवशी पहाटे रेवू झाडाखाली बसली आणि तिने काहीच म्हटलं नाही. भुंग्या आपण होऊन आला. त्याने तिच्या तळहाताचा वास घेतला आणि आपलं सगळं अंग तिच्या अंगावर रेलून दिलं.

"हा होकार," परी म्हणाली. "आता तू म्हणशील ते सगळं हा ऐकेल. देऊ?"

जिजी आज निकाल द्यायला येणार होत्या. फाटकापाशी त्यांच्या काठीची टकटक ऐकू येत होती. रेवूने भुंग्याच्या मऊ कानाकडे बघितलं.

"सगळंच ऐकायला लागला तर घाबरलेला असतानाही तो येईल ना?" तिने विचारलं. "मग मला कळणार कसं? नको. त्याला नाही म्हणता येऊ दे."

परीचा उजेड थरथरला.

जिजी जवळ आल्या. काठी बघून भुंग्या ताठ झाला. रेवू शांतपणे म्हणाली, "जिजी, काठी खाली ठेवाल का? आणि इथे बांधावर बसा. त्याच्याकडे बघू नका. तो विचार करतोय."

जिजींना नवल वाटलं. तरी त्या बसल्या, काठी गवतात ठेवली आणि चाफ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग भुंग्याचे कान सैल पडले. "ये," रेवू हळूच म्हणाली. तो कडेकडेने आला, जिजींच्या हाताचा वास घेतला आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याशी बसला.

जिजी म्हणाल्या, "इतक्या वर्षांत माझ्याजवळ असं विचारून कुणी आलं नव्हतं गं." भुंग्या इथेच राहील, असं त्यांनी सांगितलं. शिवाय पावसाळ्याआधी मायलेकींनी विहिरीजवळच्या कौलारू खोलीत राहायला यावं आणि रोज संध्याकाळी रेवूने त्यांना भुंग्याची भाषा शिकवावी, असंही ठरलं.

तेवढ्यात सूर्याचा पहिला किरण झाडाच्या शेंड्याला लागला. परी उडत आली आणि रेवूच्या दोन्ही तळहातांवर क्षणभर टेकली. "न मागितलेली इच्छा मी माझ्या मनाने देते," ती कुजबुजली. "या हातांना चाफ्याचा वास राहील. घाबरलेल्या जिवांना तो लांबून कळेल." मग तिचे पंख सोन्याचे झाले, झगा सोन्याचा झाला, आणि ऊन कुठलं आणि परी कुठली ते कळेनासं झालं.

भुंग्याने रेवूचे हात हुंगले. त्याला एक शिंक आली. मग तो तिच्या मांडीवर हनुवटी ठेवून, चारी पाय सैल सोडून, उन्हात झोपी गेला.