असावे आणि आहे

"…म्हणजे अप्पाजी, एक शब्द बदलला तर एवढं काय बिघडलं?"

चनबसप्पा संस्थानच्या जासूदांचा, म्हणजे हेरांचा, नाईक. माणूस हुशार, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं. संध्याकाळी फौज पलीकडच्या गडावर कूच करणार होती. त्याआधी तो मठाच्या स्वामींचा, त्याच्या अप्पाजींचा, आशीर्वाद घ्यायला आला होता.

भर दुपार. स्वामी मठामागे एकटेच कुदळ चालवत होते. झाडांवर एक पाखरू नव्हतं.

"मूळ कागदात काय होतं?"

"'गडावर दारूगोळ्याचे कोठार असावे.'"

"आणि दरबारात?"

"'आहे.' 'असावे' म्हटलं की सरकार जांभई देतात."

"डोळ्यांनी कोणी पाहिलं?"

"दोघं गेले होते. एक म्हणतो, पिंपांत बंदुकीची दारू. दुसरा म्हणतो, काकवी. दुसरा तसा भित्राच."

स्वामींनी माती बाजूला ओढली.

"गडाखालच्या गावात नीलव्वा दिलीय ना? तुझी बहीण?"

चनबसप्पाचा चेहरा उतरला. "गावाला हात लावायचा नाही, असा हुकूम आहे."

"आहे?"

"…असावा."

कुदळ थांबली. आता कुठे चनबसप्पाचं लक्ष खड्ड्याकडे गेलं.

"कोण गेलं, अप्पाजी?"

"अजून कोणी नाही."

"मग हा…?"

"उतर. बसून बघ."

त्यांच्या पंथात मयताला बसवून माती देतात, त्यामुळे खड्ड्याचं माप चनबसप्पाला माहीत होतं. मला विचाराल तर त्याने तेव्हाच घोडा दरबाराकडे फेकायला हवा होता. पण तो हसला आणि खाली उतरला.

भर उन्हात आतली माती बर्फासारखी गार होती. तो मांडी घालू लागला. गुडघे दोन्हीकडे भिंतींना अडले. अंग चोरलं, पाय पोटाशी घेतले, तरी जमेना.

"अप्पाजी, माप चुकलं तुमचं. यात मोठं माणूस बसायचं नाही."

स्वामींनी हात देऊन त्याला वर काढलं. बराच वेळ हात सोडला नाही.

"माप…" ते हळूच म्हणाले. "नीलव्वाची धाकटी आता केवढी झाली रे?"