पत्ता बदलणारे संगणक

"मग ती पोथी आता कुठेच नाही?" मठाचे प्रमुख अच्युतबाबांनी विचारलं.

यशोधरने मान खाली घातली.

मठात जुन्या पोथ्यांची छायाचित्रं काढून ती संगणकांवर साठवण्याचं काम चालू होतं. शहरातली मोठी नोकरी सोडून शिष्य व्हायला आलेल्या यशोधरकडे बाबांनी ते सोपवलं होतं. त्याने एक मुख्य संगणक बसवला. तो रोज बाकीच्या संगणकांकडे जाऊन बॅकअप, म्हणजे साठवलेल्याची दुसरी प्रत, घ्यायचा. "आता काळजी मिटली," असं यशोधर ज्याला त्याला सांगे.

मग वादळात वीज गेली. परत आल्यावर नेटवर्कने सगळ्या संगणकांना नवे आयपी पत्ते, म्हणजे एकमेकांना शोधायचे क्रमांक, दिले. बॅकअप मात्र जुन्याच पत्त्यांवर जात राहिला आणि रिकाम्या हाताने परतत राहिला. कुणी पाहिलंच नाही. अशात एक संगणक जळाला. त्यातल्या पोथीची पानं छायाचित्रं काढतानाच भुगा झाली होती.

"पत्तेच बदलले, बाबा. त्यात माझा काय दोष? आता प्रत्येकाला कायमचा पत्ता नेमून देतो."

"आपले साधू लॅपटॉप घेऊन गावोगाव पोथ्या शोधतात. त्यांचं काय?"

"त्यांना म्हणावं, एका जागी बसा."

बाबांनी खुंटीवरची घोंगडी काढून त्याच्या हातात दिली.

"त्या फिरत्या साधूंपैकी आपल्या दामोदरबासांना नेऊन दे. पिंपळखुट्याला असतील."

यशोधर चालत गेला. दामोदरबास तिथून पुढे गेले होते. पुढच्या गावाहूनही निघाले होते...

दुसऱ्या दिवशी तो लंगडत परतला.

"पिंपळखुट्याला नव्हते, बाबा."

"मग घोंगडी?"

"दिली. नाव विचारत गेलो... सापडले."



यशोधर संगणकांकडे वळला. मग म्हणाला, "दोष पत्त्यांचा नव्हता. बॅकअप खरंच होतोय का, हे मी कधी बघितलंच नाही."

पाय शेकायलाही न थांबता तो कामाला बसला. त्याने प्रत्येक संगणकाला नाव दिलं. आता मुख्य संगणकाने कुणाला शोधत जायचं नव्हतं. ज्याने त्याने, असेल तिथून, स्वतः हाक द्यायची, नाव सांगायचं आणि आपलं काम जमा करायचं. एखादा गप्प राहिला, तर यशोधरला लगेच कळणार होतं. पहिल्यांदा काहीच जुळलं नाही. त्याने पुन्हा मांडलं. पुन्हा बिघडलं... तो उठला नाही.

शेवटी एके सकाळी तो बाबांना मुख्य संगणकापाशी घेऊन आला.

"साधू कुठेही फिरोत, बाबा. दामोदरबासांनी काल एका खेड्यात छायाचित्रं काढलेली पोथीसुद्धा इथे आली आहे. आता काही हरवायचं नाही."

बाबा जमिनीवर मांडी घालून बसले. डोळे मिटले.

"आली म्हणतोस... उघडून बघितलीस? वाचून दाखव."