चांदणीची पिसं आणि माझा विडा

"येत्या अमावास्येपर्यंत चांदणीच्या अंगावर पिसं दिसली पाहिजेत! नाहीतर झोपडी खाली करा आणि नवरा-बायको दोघंही राज्याबाहेर चालते व्हा!"

निंबसरच्या महाराजांनी असं फर्मावलं, तेव्हा मी मान डोलावली. मला तेवढंच छान जमतं. मी गोमाजी, महाराजांच्या खुराड्याचा राखणदार. चांदणी म्हणजे राणीसाहेबांच्या माहेराहून आलेली पांढरीशुभ्र कोंबडी. म्हणजे आली तेव्हा पांढरीशुभ्र होती. बाकीच्या कोंबड्यांनी टोचून टोचून तिची पाठ आता माझ्या डोक्यासारखी केली होती. माझ्या डोक्यावर एकही केस नाही, हे सांगायचं राहिलं.

"आणि ऐक," महाराज म्हणाले, "एकही कोंबडी वेगळी काढायची नाही, विकायची नाही, चोच छाटायची नाही!"

मी पुन्हा मान डोलावली.

मग मी अक्कल चालवली. चांदणीच्या पाठीला कडुलिंबाचं तेल चोळलं. कडू लागेल, तोंड फिरवतील! कसलं काय, सगळ्या जणी आणखी चवीनं टोचायला लागल्या. मग जुन्या धोतराचा अंगरखा शिवून तिला घातला. तांबडी नावाची एक दांडगी कोंबडी होती, तिनं दुपारपर्यंत त्याच्या चिंध्या केल्या. शेवटी काठी घेऊन मीच खुराड्यात जाऊन बसलो, तर तांबडी माझ्या टकलावर चढून आरामात पेंगायला लागली!

"अवं, बास करा आता," माझी बायको गजरा म्हणाली. "तुमचा धाक बघून कोंबड्या हसायला लागल्यात. उद्या सकाळी मी बघते."

सकाळी महाराज नेहमीसारखे सज्जात आले. हातात चांदीची वाटी, वाटीत भिजवलेले हरभरे. "ये गं चांदणे, ये ये!" असं म्हणत मूठ फेकायचे ती नेमकी तिच्याच पुढ्यात. दुसरी कुणी जवळ आली की "हाड!" वाटी संपली आणि महाराजांची पाठ फिरली, की सगळ्या चांदणीवर तुटून पडल्या.

गजरानं कपाळावर हात मारला. "घरधनी, कळलं मला."

"मग जाऊन सांग महाराजांना!"

"काय सांगू? सरकार, चूक तुमची हाय? अमावास्या लांब राहिली, आजच हाकलतील! त्यांना सांगायचं न्हाई, दाखवायचं."

आणि मला ओढत ती थेट दरबारात गेली. "सरकार, चांदणीला बरं करते. पण आज पहिला विडा माझ्या नवऱ्याला द्या, तुमच्या हातानं. आन् सांजंपर्यंत त्याला शेजारी बसवून घ्या."

सगळा दरबार वळून माझ्याकडे बघायला लागला! निंबसरात पहिला विडा दिवाणजींचा, दुसरा किल्लेदारांचा, मग फडणिसांचा, असं करत शेवटचा द्वारपाल सखोबाचा. माझ्यापर्यंत कधी पानाचं देठसुद्धा आलेलं नव्हतं.

"एवढंच ना?" महाराज हसले. त्यांनी खरंच मला गादीजवळ बसवलं आणि विडा दिला.

खोटं कशाला बोलू, विडा तोंडात गेला आणि माझ्या अंगात वारं शिरलं! मी मांडी घालून ऐसपैस बसलो. सखोबा, ज्याच्या चंचीतली तंबाखू मी रोज फुकट खातो, त्याला म्हणालो, "जरा वारा घाल रे!"

एवढं होईतो महाराजांनी तोंड वळवलं. दिवाणजींचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. किल्लेदारांचा जोडा माझ्या अंगठ्यावर पडला. फडणिसांनी शेमला ओढून माझं पागोटंच उतरवलं. आणि वारा घालता घालता सखोबानं पंख्याचा दांडा टाळूवर असा हाणला, की डोळ्यांपुढे काजवे चमकले! महाराज वळले की सगळे हसतमुख. मीही हसतमुख. न हसून सांगतो कुणाला?

संध्याकाळी माझं पागोटं गायब होतं, बाही फाटलेली होती आणि टकलावर टेंगूळ आलं होतं. गजरानं मला सज्जात महाराजांसमोर उभं केलं.

"सरकार, ह्यो कोण, वळखा."

"गोमाजी. पण ही काय दशा?"

"नीट बघा. आन् मग खाली अंगणात बघा."

महाराजांनी मला पाहिलं. सज्जातून वाकून चांदणीला पाहिलं. पुन्हा मला पाहिलं.

"ह्यानं विडा खाल्ला, तिनं हरभरे खाल्ले," गजरा म्हणाली. "दोघांचा गुन्हा एवढाच. आता दिले कुणी, ते मी बाईमाणसानं कशाला बोलू?"

"जीभ आवर!" दिवाणजी ओरडले.

"बोलू द्या तिला," महाराज म्हणाले आणि सज्जात राहिलेली सकाळची रिकामी वाटी त्यांनी उचलली. "उद्यापासून काय करू, बाई?"

दुसऱ्या दिवसापासून महाराजांचा हात अंगणभर फिरायला लागला. गजरानं गवत पसरून त्यात दाणे लपवले, कोपऱ्याकोपऱ्यात मेथीच्या जुड्या टांगल्या, लोळायला राखेचा खड्डा केला. कोंबड्या दिवसभर उकरण्यात आणि उड्या मारण्यात गर्क! तांबडीला तर चांदणीकडे बघायलाही सवड होईना. अमावास्येला चांदणीच्या पाठीवर कोवळी पांढरी पिसं आली. माझ्या डोक्यावर काही आलं नाही, पण ती अट नव्हतीच.

महाराज खूश झाले. भर दरबारात त्यांनी सोन्याचं कडं पुढे केलं. "घे गजरा, हे तुझं बक्षीस!"

मी झटकन हात पुढे केला. गजरानं तो फटकन खाली पाडला.

"द्याल तर उपकार होतील, सरकार. पण हितं नको!"

"का गं?"

तिनं दिवाणजींकडे बोट दाखवलं. "त्ये बघा की, चोच पाजळायला लागलेत!"

महाराज असे खदखदून हसले, की विड्यांचं तबक लवंडलं! दरबारात त्या दिवशी सगळ्यांना सारखे पेढे वाटले, सखोबालाही. आणि कडं आलं मागच्या दारानं, कोंबड्यांच्या कोंड्याच्या पोत्यातून.

ते मी अजूनही कधीकधी घालून बघतो. घरातच, दार लावून. तांबडीसुद्धा बाहेर असेल तेव्हाच!