माणिक दिव्याचे बोळके

त्या राज्यावरचे आभाळ काचेचे होते आणि राज्याच्या मधोमध एकच विहीर होती. उजाडले की विहिरीचे पाणी लाल होई. मग आभाळापलीकडून माणसाच्या हाताचे एक बोट येऊन काठावरच्या पायरीला टेके आणि पाणी हिरवे होई. कोणत्या रंगाने पेटायचे हे राज्यातल्या दिव्यांना स्वतःहून ठाऊक नसे. प्रत्येकाच्या कमरेला एक दोरा होता आणि सगळ्या दोऱ्यांची टोके विहिरीच्या राखणदाराकडे, एका म्हाताऱ्या कासवाकडे होती. पाणी हलले की कासव दोरे ओढी. दिवे विहिरीत डोकावत आणि जो रंग दिसेल त्या रंगाने पेटत.

आभाळापलीकडे सरूआत्या राहत असे. तिला मघाचे आत्ता आठवत नसे. हृदयाची एक गोळी तिने रोज सकाळी घ्यायची होती, एकच. दुसरी पोटात गेली तर काळीज बंद पडेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. गोळी घेतली की ती पायरीला बोट लावी. लाल म्हणजे राहिली, हिरवे म्हणजे घेतली. स्वतःच्या आठवणीवर तिचा भरवसा उरला नव्हता. तो तिने दिव्यांवर टाकला होता.

वेशीवरचा माणिक हा सगळ्यांत मोठा दिवा. आत्याची नजर पहिल्यांदा त्याच्यावर पडे, आणि माणिकला हे पक्के ठाऊक होते. परसातल्या पणत्यांशी तो फारसा बोलत नसे. त्याला एकच जाच होता. विहिरीत बारीकसारीक तरंग सारखे उठत. घड्याळाचा काटा सरकला, कुणाचा निरोप आला, तरी कासव झाडून सगळे दोरे ओढी. दर वेळी वाकायचे, बघायचे आणि पुन्हा तसेच पेटायचे. माणिक अगदी मेटाकुटीला आला.

शेवटी एके दिवशी उजाडताच त्याने विहिरीतून एक बोळके भरून घेतले, पायाशी ठेवले आणि कमरेचा दोरा तोडून टाकला. पाणी विहिरीचेच होते, मग विहिरीपर्यंत वाकायचे कशाला? सकाळभर तो जराही लुकलुकला नाही. येणारे-जाणारे म्हणाले, याला म्हणतात दिवा. माणिकला मूठभर मांस चढले.

त्याच सकाळी बोट आले, पायरीला टेकले आणि गेले. विहीर हिरवी झाली. कासवाने दोरे ओढले, परसातल्या पणत्या हिरव्या झाल्या. माणिकने बोळक्यात पाहिले. तिथे लाल होते, म्हणून तो लाल राहिला.

थोड्या वेळाने आभाळ भरून चेहरा आला. सुरकुतलेला, गोंधळलेला.

"मुक्ता, अगं, मी गोळी घेतली का गं?"

"मला काय माहीत आत्या? मी आंघोळीला गेले होते," आतून भाचीचा आवाज आला. "बघ ना फोनवर, हिरवं आहे की लाल?"

"लाल दिसतंय बाई. राहिलीच म्हणायची."

गोळ्यांचे पाकीट कुरकुरले. राज्यात सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

"माणिकदादा!" शेवंती नावाची पणती परसातून ओरडली. "आत्यांनी घेतलीय हो! विहीर हिरवी आहे, बघा तरी!"

"माझ्या बोळक्यात लाल आहे. आणि हे पाणी याच विहिरीचं आहे."

"पण भरलंत कधी?"

 माणिकने विहिरीत डोकावून पाहिले. पाणी हिरवेगार होते. आता रंग बदलावा, तर वेशीवरचा दिवा इतका वेळ खोटा जळत होता हे सगळ्या राज्याला कळणार. काल-परवाच्या पणत्या तोंडावर हसणार. त्याने बोळके उचलले आणि विहिरीच्या तोंडावर धरले. आपले पाणी आत गेले की विहीर लाल होईल. मग खोटा कोण, हे कुणी विचारणार नाही.

कासव जागचे हलले नाही. "ओत," ते म्हणाले. "विहीर लाल होईल, पणत्याही लाल होतील. राज्यात तुझं खरं ठरेल. पण वर आत्या काय करेल?"

माणिकने वर पाहिले. काचेपलीकडे एक हात होता. तळव्यावर पांढरी गोळी होती आणि दुसऱ्या हातातला पाण्याचा पेला ओठांकडे निघाला होता. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून भीती जास्त वाटली. त्याने बोळके दगडावर आपटले आणि विहिरीवर वाकला.

वेस हिरवी झाली.

"अगंबाई!" पेला थबकला. "हे आत्ता लाल होतं गं."

ओल्या केसांनी मुक्ता धावत आली. "बघू! अगं, घेतलीस की तू, हिरवं आहे सगळीकडे. दे ती इकडे." तिने आत्याच्या तळव्यावरची गोळी काढून घेतली आणि कपाटात वर ठेवून दिली. चेहरा आभाळातून बाजूला झाला. माणिकची ज्योत मात्र बराच वेळ थरथरत होती.

मग तो तुटका दोरा घेऊन कासवाकडे गेला. "परत बांधा. पण प्रत्येक तरंगाला नका ओढू. गोळीचं काही असेल तेव्हाच हाक मारा."

"हे तोडण्याआधी सांगितलं असतंस, तर तसाच बांधला असता," कासव म्हणाले आणि त्याने गाठ मारली.

संध्याकाळपर्यंत विहीर हिरवी होती, वेस हिरवी होती, परसही हिरवे होते. वेशीपाशी फुटक्या बोळक्याची एक खापरी पडून होती. तिच्या खोलगटात चूळभर पाणी उरले होते, लालभडक, आणि त्या पाण्यात आत्याने अजून गोळी घेतलेली नव्हती.