सरमिसळ बियाण्याची कहाणी

बायांनो, हातात दाणे घ्या आणि ऐका. सगुणा कुंभारीण घसा फुटेस्तोवर खरं सांगत होती, अन् एकीनंही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. तुमच्याआमच्यासारख्याच बायका होत्या त्या. म्हणून आधी तेच सांगते.

दोन राजांच्या मधोमध एक आटपाट गाव होतं. कुणाचीही फौज निघो, वाट गावातूनच. मग गावानं काय केलं? घोडा आत शिरू नये म्हणून दारं बुटकी केली. धान्य जमिनीच्या पोटात पेवं खणून लपवलं. नदीपलीकडचा मुलूख आज या राजाचा, उद्या त्या राजाचा. तशी सुनांची माहेरं आज आपली, उद्या शत्रूची. लढाया राजांच्या, वळण लागलं आमच्या घरादाराला.

वेशीबाहेर देवीच्या खळ्याखाली बियाण्याचं पेव होतं. वसा असा, की वैशाखी अमावास्येला घरटी एक सूप जोंधळा त्यात ओतावा, वर सारवावं, परक्याला दाखवू नये. लुटीच्या साली तेच बी वाटून पेरावं. कुणाचा दाणा टपोरा, कुणाचा लाल, कुणाचा पिवळा. सगळा एकात एक.

पहिली फौज आली, कणग्या लुटून गेली, पेव राहिलं. दुसरी आली, गुरं हाकून गेली, पेव राहिलं. तिसरी पेरणीच्या तोंडावर पलीकडून आली. कुठं खणलं नाही, कुठं चाचपलं नाही. सरळ खळ्यावर आली, पेव उपसून गेली.

मग गाव म्हणालं, दाखवलं कुणी? पाटील म्हणाला, सगुणेचं माहेर पलीकडं, तिनंच निरोप धाडला. सगुणेनं देवीची शपथ घेतली. तिची थोरली जाऊ म्हणाली, "माहेरची वाट कुणी चुकत नाही, बाई." तिला वेशीबाहेर काढली.

तिथं ती रडत बसली. देवी म्हातारीच्या रूपानं आली. म्हणाली, "रडू नको, पळू नको, वसा टाकू नको. पेरलेलं बी बोलतं." मग सगुणा दर अवसेला चार दाणे वेचून आणी, रित्या पेवात टाकी, वर सारवी. बाया हसत. रितं पेव सारवून काय पिकणार, म्हणत.

त्या साली सगळ्यांची शेतं पडीक. लोक कडू पाला उकडून खात. हिरवं एकट्या पाटलाचं. विचारलं तर म्हणे, बियाणं सासुरवाडीचं. पौषात कणसं भरली. सगुणा बांधावर उभी राहिली, बायांना हाका मारल्या. म्हणाली, "माझ्याकडं नका पाहू. कणसं पाहा."

एकाच शेतात टपोरं, लाल, पिवळं. मग तीच जाऊ वाकली, एक लाल कणीस हातात धरलं. म्हणाली, "हे माझ्या सुपातलं. पाटलाची सासुरवाडी माझ्या घरात कधीपासून गं?"

मग सगळं उघडं पडलं. पाटीलकी टिकावी म्हणून पाटलानंच फौजेला खळं दाखवलं होतं, वर आपल्यापुरतं बी मागून घेतलं होतं. बायांनी कणसं खुडली. आधी पेव भरलं, मग चुली पेटवल्या. जाऊ सगुणेला न्यायला आली. सगुणा म्हणाली, "येते, जाऊबाई. पण मला सोडवलं ते कणसानं. तुम्ही नाही."

सगुणेवरचा आळ उतरला तसा तुमचाआमचा उतरो. तिचं पेव भरलं तशी तुमची भरोत. पुष्कळा बोलांची कहाणी थोडक्या बोली सुफळ झाली. आता दाणे पेवात सोडा, आणि पेव दाखवणाऱ्याचं नाव घ्या. त्याच्या वंशाला भिऊन आमच्या आज्या ते नाव गिळायच्या. मी गिळत नाही.

सुभानजी पाटील.