रिकामं मडकं

ही गोष्ट फार जुनी, म्हणजे तुमच्या पणजोबांनीही ती दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकलेली. डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. राजा बरा होता, प्रजाही बरी होती. आणि राजाच्या धान्यकोठारावर जो म्हातारा कोठावळा होता, तो तर फारच बरा होता. दाणा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही.

त्या राज्यात एक छान चाल होती. प्रजेनं भरलेल्या कोठारातून दरवर्षी एका माणसाला वर्षभर पुरेल एवढं धान्य मिळायचं. त्यानं शेत नांगरायचं नाही, गुरं राखायची नाहीत. फक्त नवं काही शोधून काढायचं. ते धान्य कुणाला द्यायचं, हे कोठावळा ठरवायचा.

आता धान्य लोकांच्या घामाचं. ते वाया गेलं तर? म्हणून जुन्या जाणत्यांनी एक नियम घालून ठेवला होता. काय सापडणार ते मागणाऱ्यानं आधीच ताडपत्रावर लिहायचं, मडक्यात घालायचं आणि मडक्याचं तोंड चिखलानं लिंपायचं. वर्षानं भर चावडीत मडकं फोडायचं आणि लिहिलेलं सापडलं का ते पाहायचं. बारा वर्षांत बारा मडकी जुळली होती. कोठावळ्याला त्याचा कोण अभिमान!

न जुळायला काय झालं? लोक काही खुळे नव्हते. आधीच शोधून घरात ठेवलेलं असायचं, तेच ते लिहायचे आणि वर्षभर निवांत जेवायचे. पण हे कोठावळ्याला सांगणार कोण?

तेराव्या वर्षी कोठावळ्याच्याच घरात दुखणं शिरलं. त्याची नात बकुळा सहा वर्षांची. दिवेलागण झाली की पोर भिंत चाचपडायला लागायची. गावात अशी मुलं पुष्कळ होती. आधी त्यांची संध्याकाळ जायची, मग डोळ्यांवर पांढुरका पडदा यायचा आणि दिवसही जायचा. म्हाताऱ्याच्या घशाखाली घास उतरेना.

त्या वर्षी धान्य मागायला दोघं आली. पहिले नगरवैद्य. त्यांचं मडकं छान लिंपलेलं, वरून कुंकवाचं बोट. “वर्षाच्या आत डोळ्यांचं तेल सापडेल,” ते म्हणाले. “लिहून दिलंय.”

दुसरी शेळ्या राखणारी एक बाई. तिचं मडकं उघडंच होतं. कोठावळ्यानं आत डोकावून पाहिलं.

“अगं, यात तर काहीच नाही!”

“नाहीच, बाबा.”

“काय सापडणार ते लिहायचं असतं.”

“ते ठाऊक असतं तर धान्य कशाला मागितलं असतं?”

“मग तुला ठाऊक तरी काय आहे?”

“एवढंच, की वरच्या वाडीतली पोरं तिन्हीसांजेला शेळ्या वळून आणतात, अन् तुमच्या खालच्या गावातली त्याच वेळी उंबऱ्याला अडखळतात. पाण्यात फरक असेल, चुलीच्या धुरात असेल, नाहीतर खाण्यात. यातलं कुठलं, ते कळत नाही. घरोघर बघत हिंडावं लागेल.”

“आणि काहीच नाही सापडलं तर?”

“तर नाही सापडलं म्हणून सांगेन.”

कोठावळ्याचं डोकं गरगरलं. रिकाम्या मडक्याला धान्य द्यायचं? लोक तोंडात शेण घालतील. पण बाई खोटं बोलत नव्हती, हेही त्याला दिसत होतं. तो वैद्यांच्या मडक्याकडे जाई, पुन्हा बाईच्या मडक्याकडे येई. असं चार दिवस चाललं. शेवटी नातीच्या डोळ्यांचा प्रश्न म्हणून त्यानं खात्री निवडली. धान्य वैद्यांच्या घरी गेलं.

वर्ष सरलं. मडकं फुटलं. ‘डोळ्यांचं तेल सापडेल.’ वैद्यांनी तेलाची कुपी उंच धरली आणि चावडीत एकच जल्लोष झाला.

“पण वैद्यराज,” कोठावळा म्हणाला, “ते तेल महिनाभर घालतोय. बकुळा तर आता भर दुपारीही माझा हात सोडत नाही!”

“तेल सापडेल असं लिहिलं होतं, सापडलं. डोळे बरे होतील असं मी कुठं लिहिलंय?”

कोठावळ्यानं ताडपत्र दोनदा वाचलं. खरंच, तसं लिहिलेलं नव्हतं. मडकं जुळलं होतं आणि पोर आंधळी होत होती. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल, ते काही त्याला उमगेना.

तो धापा टाकत वरच्या वाडीवर गेला. बाई तिथं नव्हती. नदीपलीकडच्या राज्यातही हेच दुखणं होतं, तिथं तिला कुणीतरी धान्य देऊ केलं होतं. तिथं तिनं पहिलं वर्ष पाणी तपासण्यात घालवलं, ते चुकलं. दुसरं वर्ष धुरामागे गेलं, तेही चुकलं. तिसऱ्या वर्षी ती ताटांकडे पाहायला लागली. बरी असलेली मुलं शेवग्याचा पाला खात होती. खालच्या गावात तो पाला लोक गुरांपुढे टाकत.

पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन ती आपणहून परत आली. गावातली कितीतरी मुलं संध्याकाळची पुन्हा अंगणात पळायला लागली. बकुळाचा चेहरा मात्र तिनं उजेडाकडे वळवला, बराच वेळ पाहिलं आणि मान खाली घातली.

“उशीर झाला, बाबा.”

म्हातारा भर अंगणात ढसाढसा रडला.

पुढच्या वर्षी त्यानं दवंडी पिटवली की रिकामं मडकंही चालेल. झालं! चाळीस जण चाळीस रिकामी मडकी घेऊन हजर. त्यात गावातले सगळे ऐतखाऊ. कोठावळा पुन्हा गोंधळला. सगळी मडकी सारखीच रिकामी, आता निवडायचं कसं? कपाळाला हात लावून तो बसला. मग एकेकाला जवळ बोलावून त्यानं विचारलं, “बाबा रे, तुला नक्की काय कळत नाही?”

“मला काहीच कळत नाही,” असं म्हणून एक जण मोकळा झाला. बाकीच्यांनी आपापली मडकी उचलून घरचा रस्ता धरला. दोघं मात्र सांगायला लागले ते दिवस कलला तरी थांबेनात. त्या वर्षीचं धान्य कोठावळ्यानं त्या दोघांना निम्मं निम्मं वाटून दिलं.

पुढं त्या कोठारातल्या धान्यावर पुष्कळ काही सापडलं, पुष्कळ काही सापडलंही नाही. बकुळाला मात्र पुन्हा कधी दिसलं नाही.

तात्पर्य: काय सापडेल ते छातीठोकपणे सांगणाऱ्याला नव्हे, तर आपल्याला काय कळत नाही ते नेमकं सांगणाऱ्याला शोधायला पाठवावं.